रूळ टाकणारे आणि मूळ धरणारे



स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप दरवर्षी येतो. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. स्थापत्य अभियांत्रिकीचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि गेली वीसहून अधिक वर्षे रूळ, गिट्टी आणि स्लीपर यांच्याच संगतीत आहे. पण जुन्या लाइनी कोणी, कशा टाकल्या, हे वाचण्याचा नाद आहे. त्या नादात हाती लागलेली एक कहाणी आपल्यासारख्या, गाव सोडून खरगपूरला वसलेल्या मंडळींना जवळची वाटेल, म्हणून हा प्रपंच.

उत्सवात आरती झाल्यावर मांडवात खुर्च्या गोल करून आपण बसतो. विषय ठरलेले असतात. आजची बातमी काय, नवीन मशीन कोणती आली आणि किती माणसांचे काम गेले, कोणाचा मुलगा पुण्याला गेला, कोणाच्या मुलीला अमेरिकेचा व्हिसा मिळाला आणि निवृत्तीनंतर आपण इथेच राहायचे की गावी परतायचे. हेच विषय सव्वाशे वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेतल्या भारतीयांच्या वस्तीत चालत होते. त्यांनी काय बोलले, कोणाशी बोलले आणि त्याचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

मोंबासाची लाइन

१८९६ साली ब्रिटिशांनी मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधायला घेतली. नाव युगांडा रेल्वे, पण जवळजवळ सगळी लाइन आजच्या केनियात. लांबी ५८२ मैल, गेज आपले ओळखीचे, मीटरगेज. त्या मुलखात रेल्वेचे काम जाणणारा कारागीर नव्हता. भारतात मात्र तोपर्यंत चाळीस वर्षांचा अनुभव जमा झाला होता. आपला बोरघाटच १८६३ मध्ये पूर्ण झाला होता. त्यामुळे माणसे भारतातून नेण्याचे ठरले आणि त्यासाठी १८९६ मध्ये स्थलांतराच्या कायद्यात दुरुस्ती केली गेली. भरती मुख्यतः पंजाबातून झाली, जहाजे कराचीहून सुटली. करार तीन वर्षांचा, साध्या मजुराला महिना १५ रुपये, शिधा आणि परतीचे भाडे. मजुरांबरोबर सुतार, लोहार, गवंडी, ड्रायव्हर, स्टेशनमास्तर आणि कारकूनही गेले. कारकुनांत गोव्याची मंडळी बरीच होती.

कामाची कल्पना आपल्या खात्यातल्या लोकांना लगेच येईल. सुरुवातीलाच तारूचा निर्जल पट्टा, जिथे पाणीसुद्धा गाडीने पुरवावे लागे. नंतर त्सावो नदी. तिथे १८९८ मध्ये दोन नरभक्षक सिंहांनी कित्येक महिने पुलावरच्या मजुरांत दहशत पसरवली. पुढे रिफ्ट व्हॅलीचा तुटलेला कडा. कायमचा मार्ग तयार होईपर्यंत तिथे तीव्र उतारावरून दोरखंडाच्या साह्याने वाघिणी खाली सोडत. त्यानंतर पुन्हा चढण, सुमारे ८,३०० फुटांपर्यंत. २० डिसेंबर १९०१ रोजी रूळ सरोवराच्या काठी पोचले.

आता हिशेब पाहा. करारावर गेलेले मजूर ३१,९८३. मेले २,४९३, म्हणजे दर मैलाला चारांहून अधिक. आजारी वा जायबंदी होऊन परत पाठवलेले ६,४५४. काम संपवून परतलेले १६,३१२. आणि तिथेच राहिलेले ६,७२४. सिंहांच्या गोष्टीवर पुस्तके निघाली, सिनेमे निघाले. पण मलेरियाने, आमांशाने आणि अपघातांनी मेलेल्यांची संख्या सिंहांच्या बळींपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होती.

रेल्वेने वसवलेले गाव

आजचे नैरोबी हे महानगर मूळचे रेल्वेचे ठाणे, अगदी आपल्या खरगपूरसारखे. कडा उतरण्यापूर्वीची शेवटची सपाट जागा, जवळ पाणी, म्हणून १८९९ मध्ये तिथे डेपो आणि यार्ड झाले. मासाई भाषेतल्या नावाचा अर्थ थंड पाण्याची जागा. यार्डाच्या शेजारी भारतीयांचा बाजार उभा राहिला. राहिलेल्या मजुरांत मागून आलेले गुजराती दुकानदार मिसळले. स्वाहिलीत आगगाडीला ‘गारी ला मोशी’ म्हणतात, म्हणजे धुराची गाडी. त्यातला ‘गारी’ हा आपल्या गाडीचाच भाऊ. दुकानाला ते ‘डुका’ म्हणतात. माणसे गेली तिथे त्यांचे शब्दही रुजले.

पण शब्दांना मिळाली ती जागा माणसांना सहज मिळाली नाही. १९०२ मध्ये नैरोबीत प्लेग आला आणि भारतीयांचा बाजार जाळून टाकण्यात आला. रेल्वेचा खर्च भरून काढायला सरकारने गोरे शेतकरी आणून वसवले आणि उंचावरची थंड, सुपीक जमीन त्यांच्यासाठी राखून ठेवली. ज्यांनी त्या जमिनीपर्यंत रूळ नेले त्यांना ती विकत घेण्याची मुभा नव्हती. आणि ज्यांची ती मुळात होती त्या आफ्रिकी लोकांना तर कोणी विचारलेच नाही.

छापखाना आला

रेल्वे आणि तारायंत्र यांच्यामागोमाग तिसरे नवे तंत्र आले, ते छापखान्याचे. रेल्वेला मजूर आणि माल पुरवून मोठे झालेले व्यापारी अलीभाई मुल्ला जीवनजी यांनी १९०२ मध्ये मोंबासात ‘आफ्रिकन स्टँडर्ड’ हे पत्र काढले. काही वर्षांतच त्यांनी ते विकले आणि नवल असे, की तेच पत्र पुढे गोऱ्या वसाहतवाल्यांचा आवाज झाले. १९१४ मध्ये तिथल्या भारतीयांनी आपली काँग्रेस स्थापन केली. १९२० च्या सुमारास वादाचा एक मोठा मुद्दा होता, भारतीयांना यापुढे देशात येऊ द्यायचे की नाही. गोऱ्यांना ही आवक बंद हवी होती. भारतीयांना समान मतदारयादी आणि जमिनीचा हक्क हवा होता. वाद इतका पेटला, की काही गोऱ्यांनी गव्हर्नरलाच पळवून नेण्याचा बेत रचला होता.

जुलै १९२३ मध्ये लंडनने निकाल दिला. भारतीयांच्या प्रवेशावर बंदी नाही, पण उंचावरची जमीन गोऱ्यांचीच आणि मतदारयाद्याही वेगळ्याच. त्याच कागदात एक वाक्य मात्र वेगळे होते. केनिया हा आफ्रिकी लोकांचा मुलूख आहे, तिथे त्यांचे हित सर्वांत वर. दोन पाहुणे ओसरीवरच्या जागेसाठी भांडत होते आणि घर तिसऱ्याचेच आहे, हे निदान कागदावर तरी मान्य झाले.

हे आधीच ओळखणारे भारतीय थोडे होते. ‘ईस्ट आफ्रिकन क्रॉनिकल’चे संपादक मणिलाल देसाई हे त्यांतले एक. हॅरी थुकू हा तरुण किकुयू पुढारी तेव्हा आपल्या लोकांना संघटित करत होता. देसाईंनी त्याला आपली कचेरी वापरू दिली आणि छपाईला मदत केली. मार्च १९२२ मध्ये थुकूला अटक झाली, निदर्शकांवर गोळीबार झाला आणि सरकारचा रोष देसाईंच्या पत्रावरही आला. दुसरे मखनसिंग, रेल्वेत काम केलेल्या एका सुताराचा मुलगा. त्यांनी १९३५ मध्ये कामगार संघटना उभारली आणि तिचे दार सर्व वंशांच्या कामगारांना उघडे ठेवले. तेव्हा पगार वंशावर ठरत. गोऱ्याला सर्वांत जास्त, भारतीयाला मधला, आफ्रिकी माणसाला सर्वांत कमी. मधल्या पायरीवरच्या माणसाने खालच्यासाठी भांडणे सोपे नसते, हे नोकरी केलेल्यांना सांगायला नको. १९५० मध्ये मखनसिंगांनी केनियाच्या स्वातंत्र्याची उघड मागणी केली आणि ११ वर्षे स्थानबद्धतेत काढली. गोव्याच्या कुटुंबातले पिओ गामा पिंटो त्याच वाटेने गेले. १९५४ मध्ये स्थानबद्ध झाले आणि स्वतंत्र केनियात, २४ फेब्रुवारी १९६५ रोजी, नैरोबीत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली.

औंधचे अप्पासाहेब

या कहाणीत आपल्या मातीचा एक मोठा माणूस आहे. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आपणा सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत. गांधीजींच्या सल्ल्याने औंध संस्थानात प्रजेच्या हाती कारभार देण्याचा जो प्रयोग झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९४८ मध्ये नेहरूंनी त्यांना स्वतंत्र भारताचे पहिले प्रतिनिधी म्हणून नैरोबीला पाठवले.

तिथल्या भारतीयांची अपेक्षा साहजिक होती. आपला वकील आला, आता आपली गाऱ्हाणी दूर होतील. अप्पासाहेबांनी मात्र त्यांना आफ्रिकी माणसाशी नाते जोडायला सांगितले. आफ्रिकी पुढाऱ्यांना ते घरी बोलवत. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतातल्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून त्यांनी खटपट केली. वसाहत सरकारला हे खुपले. माऊ माऊ उठावाच्या काळात त्यांच्यावर संशय घेतला गेला, त्यांना परत बोलवा असा दबाव दिल्लीवर आला आणि १९५४ मध्ये त्यांचा तिथला कार्यकाळ संपला. ज्या घराने आपली सत्ता आपणहून प्रजेला दिली होती, त्या घरातल्या माणसाला हे सांगण्याचा अधिकार होता, असे मला वाटते.

जावे की राहावे

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. तेव्हा भारतीय वंशाचे सुमारे पावणेदोन लाख लोक तिथे होते. नागरिकत्वाच्या अर्जासाठी दोन वर्षांची मुदत होती. घराघरात एकच चर्चा. इथला पासपोर्ट घ्यावा की ब्रिटनचा ठेवावा? बऱ्याच जणांनी ब्रिटिश पासपोर्ट ठेवला, अडचणीत तो उपयोगी पडेल या भरवशावर. १९६७ मध्ये केनियाने परदेशी नागरिकांच्या कामावर आणि व्यापारावर परवाने लावले. लोक लंडनची विमाने पकडू लागले. तेव्हा ब्रिटनने अवघ्या काही दिवसांत कायदा करून १ मार्च १९६८ पासून त्याच पासपोर्टधारकांवर दार लोटले. शेजारच्या युगांडात ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने ९० दिवसांत चालते व्हा असा हुकूम काढला. तिथे तर ज्यांनी नागरिकत्व घेतले होते त्यांच्यापैकीही अनेकांचे कागद नाकारले गेले.

म्हणजे कागद असला की सुटलो, असे नाही. आणि शेजाऱ्याशी गोड बोलले की कोणी हात लावणार नाही, असेही नाही. हुकूमशहापुढे दोन्ही तोकडे पडतात. पण केनियात जे राहिले, त्यांच्यासाठी एक दिवस उजाडला. जुलै २०१७ मध्ये केनिया सरकारने भारतीय वंशाच्या समाजाला देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. त्याआधी दोनच महिने मोंबासा–नैरोबी नवी स्टँडर्ड गेज लाइन सुरू झाली होती. पैसा मुख्यतः चीनच्या कर्जाचा, बांधणारी कंपनी चिनी. परदेशी कामगार किती, स्थानिक किती, यावर तिथे पुन्हा वाद झाले. तंत्र बदलले, माणसे बदलली, प्रश्न तोच राहिला.

आपल्या मांडवात

आपली तुलना त्यांच्याशी पूर्ण होत नाही, हे मी जाणतो. आपण आपल्याच देशात आहोत. कुठेही राहण्याचा हक्क राज्यघटनेने दिला आहे. आपल्यापैकी काहींचे आजोबा-पणजोबा बंगाल नागपूर रेल्वेच्या काळात विदर्भातून इकडे आले, तेव्हा कोणी त्यांच्याकडे पासपोर्ट मागितला नाही. तरी ऑक्टोबर २००८ आठवतो. रेल्वेच्या भरती परीक्षेला मुंबई परिसरात आलेल्या बाहेरच्या मुलांना मारहाण झाली होती. त्या आठवड्यात माझ्याच सेक्शनमधल्या एका बिहारी सहकाऱ्याने शांतपणे विचारले, “साहेब, तुम्हीही इथे बाहेरचेच ना?” त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो प्रश्न जास्त लागला. मी म्हणालो, “हो, तुझ्याइतकाच.” त्यानंतर आमचा डबा एकत्र सुरू झाला, तो त्याची बदली होईपर्यंत.

पूर्व आफ्रिकेतल्या आपल्या लोकांकडे कष्ट होते, कसब होते, पैसा आणि वर्तमानपत्रेही होती. चर्चेला तर तोटाच नव्हता. पण ती बहुतेक आपल्याच लोकांत, आपल्याच भाषेत झाली. देसाई, मखनसिंग, पिंटो, अप्पासाहेब असे थोडेच जण कुंपण ओलांडून पलीकडच्यांशी बोलले. आज केनियात भारतीयांविषयी आदराने बोलले जाते तेव्हा या मोजक्या माणसांची नावे पुढे येतात.

म्हणून मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. आपल्या उत्सवात बंगाली, तेलुगू, ओडिया शेजारी येतात, प्रसाद घेतात, नाटक पाहतात. यंदा एका संध्याकाळी त्यांनाही त्या गोल खुर्च्यांत बसवू. विषय आपलेच ठेवू, नवी मशीन, मुलांच्या नोकऱ्या, जाणारे-येणारे. भाषा मात्र सर्वांना समजेल ती. आणि स्मरणिकेची चार पाने बंगाली व तेलुगूत असावीत. छपाईचा थोडा खर्च वाढेल, तो वर्गणीतून निघेल. त्यात माझा वाटा मी आजच कोषाध्यक्षांकडे जमा केला आहे.

गणपती बाप्पा मोरया!