वेळ सांगणारा आवाज, पत्र लिहिणारा हात

पॅरिसच्या वेधशाळेतला टेलिफोन एके काळी वेळ विचारणाऱ्यांमुळे सदा गुंतलेला असे. शहरात खरी वेळ ठाऊक असलेली जागा ती एकच. तिथल्या लोकांना स्वतःच्या कामासाठी लाइन मिळणं मुश्कील झालं, तेव्हा संचालक एर्नेस्त एस्क्लांगों यांनी त्यावर यंत्राचा उपाय काढला. बोलपट तेव्हा नुकतेच रुळले होते. फिल्मवर आवाज उमटवण्याचं ते तंत्र वापरून तास, मिनिटं आणि सेकंद यांचे उच्चार वेगवेगळ्या पट्ट्यांवर घेतले आणि त्या पट्ट्या एका फिरत्या दंडगोलावर बसवल्या. आवाज मार्सेल लापोर्त या रेडिओ निवेदकाचा. १४ फेब्रुवारी १९३३ रोजी ही सेवा सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी सुमारे १ लाख ४० हजार फोन आले. लाइन होत्या वीस. जेमतेम वीस हजार लोकांना उत्तर मिळालं.

आज खिशातल्या मोबाइलला लोक हेच विचारतात. किती वाजले? सकाळी सहाचा गजर लाव. ताईला फोन लाव. उद्या पाऊस आहे का? कणीक मळता मळता, स्कूटरच्या आरशात मागची गाडी बघता बघता, डोळ्यांत थेंब घालून पडल्या पडल्या माणूस तोंडाने सांगतो आणि काम होतं. यंत्र नवं आहे, पण कामांची ही यादी जवळपास दीडशे वर्षं जुनी आहे. त्यातलं प्रत्येक काम कधी ना कधी कुणाची तरी नोकरी होती, कुणाचं तरी पोट त्यावर चालत होतं. त्या माणसांची आठवण ठेवल्याशिवाय या सोयीचा इतिहास सांगता येत नाही.

सुरुवात एमा नट यांच्यापासून करावी लागते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आरंभी पोरसवदा मुलं कामाला असत. तारखात्यातून आलेली ही मुलं ग्राहकांशी उर्मटपणे बोलत, थट्टा करत, मध्येच लाइन तोडत. १ सप्टेंबर १८७८ रोजी बोस्टनमध्ये एमा नट कामावर रुजू झाल्या आणि जगातल्या पहिल्या स्त्री टेलिफोन ऑपरेटर ठरल्या. त्यांचा शांत आवाज लोकांना इतका भावला की पाहता पाहता हे काम बायकांचं झालं. नट यांनी ते तीसहून अधिक वर्षं केलं. त्या काळच्या फोनवर फिरवायला तबकडी नव्हती. रिसीव्हर उचलायचा आणि कोण हवं ते सांगायचं. छोट्या गावांत नंबरही सांगावा लागत नसे, डॉक्टरांचं नाव घेतलं तरी पुरे. आग कुठे लागली, निवडणुकीत कोण आलं, घड्याळात किती वाजले, हे सगळं लोक ऑपरेटरलाच विचारत. तिला गाव माहीत असे आणि गावाला तिचा आवाज.

हिंदुस्थानात जानेवारी १८८२ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे एक्स्चेंज सुरू झाली. कलकत्त्याच्या एक्स्चेंजला तेव्हा ९३ ग्राहक होते. मुंबईत पुढे बरीच वर्षं ‘किती वाजले’ या प्रश्नाला दोन उत्तरं होती, हे आज खरं वाटणार नाही. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी शहराने आपली ३९ मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं सोडली नाही.

ऑपरेटरशी महाराष्ट्राचं खरं नातं जुळलं ते ट्रंक कॉलमुळे. पन्नाशी ओलांडलेल्यांना ते आजही लख्ख आठवतं. १८० फिरवून कॉल बुक करायचा. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं. दर तसा चढत जाई. ठरावीक माणूसच बोलायला हवा असेल तर ‘पीपी’ म्हणायचं, म्हणजे तो माणूस येईपर्यंतचे पैसे वाया जात नसत. मग फोनजवळ बसून राहायचं. कधी तासभर, कधी संध्याकाळपर्यंत. घंटी वाजली की पलीकडून आधी ऑपरेटरचा आवाज, मग खरखर, मग सोलापूर किंवा नागपूर. तीन मिनिटं झाली की ती मध्ये येऊन विचारी, वाढवून हवंय का? लग्नं ठरल्याच्या आणि माणसं गेल्याच्या किती बातम्या या बायकांच्या कानांवरून गेल्या असतील! ‘पीपी’ ही अक्षरं पुढे शेजाऱ्याच्या फोनलाही चिकटली. व्हिजिटिंग कार्डावर नंबरापुढे कंसात ‘पीपी’ असेल, तर फोन शेजारच्या घरी आहे आणि निरोप द्यायला कुणीतरी जिना चढून येणार आहे, हे सगळ्यांना कळे.

ऑपरेटरची गरज संपवण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न कॅन्सस सिटीतल्या एका अंत्यविधी व्यावसायिकाने केला. अल्मन स्ट्रोजर त्याचं नाव. त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको एक्स्चेंजमध्ये होती आणि ती त्याची गिऱ्हाइकं नवऱ्याकडे वळवत असे, म्हणून चिडून त्याने आपोआप जोडणी करणारं यंत्र बनवलं, अशी गोष्ट सांगितली जाते. १८९१ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्त गावी त्याच्या पद्धतीचं पहिलं एक्स्चेंज चालू झालं. भारतात ही सोय सर्वांत आधी सिमल्याला आली, १९१३-१४ मध्ये, ७०० लाइनची. लंडनचं होबर्न एक्स्चेंज १९२७ मध्ये स्वयंचलित झालं. जोडणी झटपट होऊ लागली खरी, पण रिसीव्हर उचलल्यावर आता पलीकडे कुणी नव्हतं. वेळ विचारायची कुणाला?

ब्रिटिश पोस्ट खात्याने या प्रश्नाचं उत्तर ज्या थाटात दिलं, ते वाचताना आजही मजा येते. देशभरातल्या सुमारे पंधरा हजार टेलिफोन ऑपरेटरांमधून ‘सोनेरी आवाजाची मुलगी’ निवडायची स्पर्धा १९३५ मध्ये झाली. परीक्षकांत राजकवी जॉन मेसफील्ड आणि अभिनेत्री सिबिल थॉर्नडाइक होत्या. जिंकली क्रॉयडनची एथेल केन. बक्षीस दहा गिनी. तिचा आवाज काचेच्या तबकड्यांवर प्रकाशाच्या साहाय्याने उमटवला गेला. तास, मिनिटं, सेकंद असे तुकडे यंत्र क्षणाक्षणाला जुळवत राही आणि पूर्ण वाक्य ऐकू येई. आजचं यंत्र बोलतं, त्याची मुळं या तुकडे जोडण्यात आहेत. २४ जुलै १९३६ रोजी लंडनमध्ये सेवा सुरू झाली. तबकडीवरची टी, आय, एम ही अक्षरं फिरवायची, म्हणून लोक तिला ‘टिम’ म्हणू लागले. पहिल्या वर्षात सुमारे १ कोटी ३० लाख फोन आले. केनचा आवाज १९६३ पर्यंत वेळ सांगत होता.

मग त्याच वाटेने बाकीच्या सोयी आल्या. १९५६ पासून लंडनकरांना फोनवर हवामानाचा अंदाज मिळू लागला. कसोटी सामन्याचा धावफलक, पाककृती, गाणीही आली. आपल्याकडे १७४ वर वेळ कळे आणि १९७ वर ग्राहकाचं नाव-पत्ता सांगितला की नंबर मिळे.

उठवण्याच्या कामाचाही असाच इतिहास आहे. इंग्लंडच्या गिरणगावांत पहाटे लांब काठीने खिडकीवर टकटक करून कामगारांना उठवणारी माणसं असत. त्यासाठी आठवड्याला काही पेन्स मिळत. मुंबईच्या गिरणगावात हे काम भोंग्याने केलं. एका भोंग्याने सगळी चाळ जागी होई, पाळी असो वा नसो.

सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, हा व्यवसाय तर मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर होता. जीपीओसमोर पत्रलेखकांची रांग बसे. छोटं टेबल, डोक्यावर ताडपत्री, टेबलावर आंतर्देशीय पत्रं, मनिऑर्डरचे फॉर्म, शाईचं पेन. शेजारी पार्सल शिवायला पांढरं कापड, सुई-दोरा आणि लाख. समोरच्या स्टुलावर गिरणीत काम करणारा, घरकाम करणारी, नाहीतर दूर प्रांतातून आलेला मजूर. तो सांगे, पत्रलेखक लिही, मग वाचून दाखवी. पैसे पाठवल्याचं, आजारपणाचं, भांडणाचं, विरहाचं, सगळं आधी या तिऱ्हाइतापुढे उघड करावं लागे. लिहिणारा तोंडाचा पक्का हवा, ही त्या धंद्याची पहिली अट होती. आज मोबाइलपुढे बोलून व्हॉट्सॲपचा मजकूर लिहून घेणारा माणूस नेमकं हेच करून घेतो. फरक इतकाच, की तिऱ्हाइताच्या जागी आता कंपनीचं यंत्र आहे, आणि तोंडाच्या पक्केपणाचा प्रश्न त्यालाही तितकाच कडकपणे विचारायला हवा.

यंत्राला बोलता येणं आणि बोललेलं कळणं यांत फार मोठं अंतर होतं. १९५२ मध्ये बेल प्रयोगशाळेने ‘ऑड्री’ नावाचं यंत्र दाखवलं. माणसाच्या उंचीचा सांगाडा, आणि कळायचे शून्य ते नऊ इतकेच आकडे, तेही ओळखीच्या आवाजात, शब्दांमध्ये थांबत थांबत बोललं तर. आयबीएमचं ‘शूबॉक्स’ १९६२ मध्ये सिएटलच्या जागतिक प्रदर्शनात लोकांनी पाहिलं; त्याला सोळा शब्द येत. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेच्याच जॉन पियर्स यांनी या संशोधनावर इतकी कडक टीका केली की तिथलं काम काही काळ थांबलं.

ज्यांनी हे संशोधन थांबू दिलं नाही, त्यांत राज रेड्डी हे नाव ठळक आहे. आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात काटूर या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी १९३७ मध्ये त्यांचा जन्म झाला. स्टॅनफर्डमधून डॉक्टरेट घेऊन ते कार्नेगी मेलन विद्यापीठात गेले. तिथे १९७६ मध्ये तयार झालेल्या ‘हार्पी’ला १,०११ शब्द कळत. रेड्डी यांना १९९४ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही संगणक वापरता यावा, हा आग्रह त्यांनी पुढे सतत धरला. कार्नेगी मेलनमध्येच घडलेल्या जेम्स आणि जॅनेट बेकर या दांपत्याचं ‘ड्रॅगन डिक्टेट’ १९९० मध्ये बाजारात आलं. किंमत ९,००० डॉलर, आणि प्रत्येक शब्दानंतर थांबायचं. तरीही हात चालत नसलेल्या लोकांसाठी ते आधार ठरलं. या साऱ्या संशोधनाचं खरं सार्थक इथे आहे, निरोगी माणसाचे दोन सेकंद वाचण्यात नाही.

४ ऑक्टोबर २०११ रोजी ॲपलने आयफोनमध्ये ‘सिरी’ आणली. अमेरिकेतल्या तिच्या मूळ आवाजामागे सुझन बेनेट ही निवेदिका होती. जुलै २००५ मध्ये महिनाभर, रोज चार तास, तिने अर्थाचा संबंध नसलेली वाक्यं वाचली होती, कारण हवे होते ते उच्चारांचे तुकडे. आपला आवाज पुढे कुठे वापरला जाणार, याची तिला कल्पना नव्हती. फोन बाजारात आल्यावर ओळखीच्यांनी कळवलं तेव्हा तिला ते समजलं, आणि २०१३ मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं. एथेल केनचा गौरव समारंभाने झाला. बेनेटला आपलाच आवाज दुसऱ्यांकडून कळावा, हे खटकतं.

मराठीला यायला उशीर झाला. गुगलवर मराठीत बोलून लिहिण्याची सोय ऑगस्ट २०१७ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी गुगल असिस्टंट मराठीत बोलू लागला. मराठीत वेळ सांगायची म्हणजे पावणेसात, सव्वाआठ, दीड, अडीच आलेच. मुलांना शाळेत शिकवावा लागणारा हा हिशेब यंत्रालाही शिकवावा लागतो. त्यासाठी हजारो तासांची बोललेली मराठी लागते, आणि ती फक्त पुण्याच्या सदाशिव पेठेतली असून भागत नाही.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांच्या एका प्रयोगात ३६ जणांकडून १०९ तासांची मराठी गोळा केली गेली. त्यांत आमले या आदिवासी गावातले लोक होते, मुंबईतल्या गरीब वस्तीतले होते आणि विद्यापीठातले विद्यार्थीही. स्मार्टफोनवर एकेक वाक्य दिसायचं, ते मोठ्याने वाचायचं आणि त्याचे पैसे मिळायचे. कमी शिकलेल्यांनी वाचलेलं यंत्राला शिकवायला कितपत उपयोगी पडेल, ही शंका तपासली गेली. त्यांचं वाचन विद्यार्थ्यांच्या वाचनाइतकंच उपयोगी ठरलं.