मचूळ पाण्यातला फेस

न्हावा आणि शेवा ही मुळात दोन गावं. २६ मे १९८९ रोजी इथलं बंदर सुरू झालं आणि ही नावं जोडीनं जगभर गेली. त्याच्या कितीतरी आधीपासून उरण-पनवेलचा हा पट्टा मिठाचा. खाडी, खारफुटी, मिठागरं आणि खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले बांध. अशा मुलखात विहिरीला गोडं पाणी लागेल याची खात्री नसते. लागलंच, तरी उन्हाळ्यात ते मचूळ होऊ शकतं. धुण्याची कुळकथा सांगताना आधी या पाण्याकडे बघावं लागतं, कारण कपड्याला काय लावायचं हे हातापेक्षा पाणीच ठरवतं.

साबणाला मचूळ पाणी मानवत नाही. साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि खार यांचा संयोग. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की साबण त्यांना चिकटतो. त्याचा न विरघळणारा साका होतो, फेस धरत नाही आणि कपड्यावर राखाडी थर बसतो. मीठ तर साबणाला पाण्यात टिकूच देत नाही. साबणाच्या कारखान्यात शिजलेल्या रसातून साबण वेगळा काढायला मिठाचंच पाणी वापरतात. मिठागरांच्या गावात साबणाची वडी लवकर झिजते आणि काम कमी करते, त्याचं कारण हे.

रिठ्याचं तसं नाही. त्याच्या सालीत सॅपोनिन नावाचा पदार्थ असतो, सुक्या सालीच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका. सॅपोनिनच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलकट मळाला. कॅल्शियमशी त्याचा साका होत नाही, म्हणून अशा क्षारांच्या जड पाण्यातही तो फेस देतो. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारावर आढळणारा रिठा दोन-तीन पाकळ्या एकमेकींना चिकटल्यासारख्या फळाचा. हिमालयाच्या पायथ्याचा रिठा वेगळ्या जातीचा, त्याचं फळ बहुधा एकेकटं आणि गोल. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडाला ‘सॅपिंडस’ म्हटलं, म्हणजे सरळ ‘भारतीय साबण’.

आपल्याकडचा लेखी उल्लेख मात्र त्याहून फार जुना. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात वस्त्रशुद्धीचे नियम आहेत, तिथे अरिष्टक, म्हणजे रिठा, नावानिशी येतो. रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीनं धुवावी, नेपाळी कांबळी रिठ्यानं, तलम वस्त्रं बेलफळानं आणि जवसाच्या धाग्याचं कापड पांढऱ्या मोहरीनं. त्या ग्रंथातल्या कितीतरी गोष्टी आज आपण बाजूला ठेवल्या आहेत आणि ठेवायलाच हव्यात. पण प्रत्येक धाग्याला वेगळं धुणं लागतं, हे ज्याला ठाऊक होतं तो नदीवर बसून कपडे धुणारा माणूस होता. ज्ञान त्याचं, श्लोक दुसऱ्याचा.

यातली खारी माती म्हणजे खाडीची माती समजू नये. उरणच्या मिठागरात जमतं ते सोडियम क्लोराइड, खायचं मीठ, त्यानं मळ निघत नाही. धुण्याला लागतो तो सोडियम कार्बोनेटचा खार, आणि त्याचं महाराष्ट्रातलं नामांकित ठिकाण बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर. पाणी आटलं की काठावर खाराचे थर बसत. दल्ला, खप्पल, पापडी अशी त्यांची प्रतवारी होती. काच आणि साबण करण्याचं साहित्य इथे मिळतं, अशी नोंद ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. जिथे असा खार नव्हता तिथे चुलीतली राख होती. लाकडाच्या राखेचं निवळ पाणी म्हणजे पोटॅशचा खार. परिटाची भट्टी याच तत्त्वावर चाले: कपडे खाराच्या पाण्यात भिजवून वाफेवर ठेवायचे, मग दगडावर आपटायचे. सुती कपडा हे सगळं सोसतो. रेशीम, लोकर सोसत नाही; मातीतला सौम्य खार चालला, तरी भट्टीतल्या तीव्र खारानं त्यांचा धागा कुजतो. म्हणून पैठणी भट्टीत गेली नाही, ती घरी रिठ्याच्या पाण्यात धुतली गेली. सराफाच्या दुकानात दागिने उजळायलाही रिठाच लागतो. आणि कोणता कपडा कुणाचा हे ओळखायला परीट बिब्ब्याच्या रसाची खूण करी, ती धुऊन जात नसे. मळ काढणारं फळ आणि न निघणारी खूण देणारं फळ, दोन्ही रानातली.

मग साबणाच्या वड्या आल्या. १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात लिव्हर कंपनीच्या ‘सनलाइट’ साबणाच्या पेट्या उतरल्या. १९५९ मध्ये ‘सर्फ’ आणि १९६९ मध्ये ‘निरमा’ ही धुण्याची पावडर बाजारात आली. पावडर साबणावर का मात करून गेली, याचं उत्तर जाहिरातीत जितकं आहे तितकंच पाण्यात आहे. कृत्रिम डिटर्जंट जड पाण्यात फुकट जात नाही. म्हणजे जे रिठा करत आला, तेच तिनं स्वस्तात, न उकळता, न गाळता करून दिलं. तिच्यासाठी लागणारा लिनियर अल्काइल बेंझीन हा कच्चा माल न्हावा शेव्यापासून फार दूर नसलेल्या पाताळगंगेच्या काठावरही तयार होतो. बायांच्या मनगटांना पावडरीनं जी विश्रांती दिली ती मोठी आहे. रिठ्याबद्दल बोलताना ती विसरणं मला अन्यायाचं वाटतं.

तरी घरी धुण्याचं पाणी करायचं असेल तर कृती सोपी आहे. सुक्या रिठ्यांच्या बिया काढाव्यात, सगळा गुण सालीत असतो. दहा-पंधरा फळांची सालं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळावीत. पातेलं मोठं घ्यावं, फेस उतू जातो. गार झाल्यावर कुस्करून फडक्यातून गाळावं. हे पाणी काही दिवसांत आंबतं, म्हणून थोडंच करावं. डोळ्यांत जाऊ देऊ नये, फार चुरचुरतं.

रिठ्याकडून काय मागायचं हेही ठरवावं. पांढरं शुभ्र करणं त्याला जमत नाही, त्यात ना नीळ ना चमक आणणारं रसायन. मासळीच्या कालवणाचा तेलकट डाग आधी वेगळा चोळावा लागतो. हळदीचा डाग साबणानं लाल होतो, रिठ्याचं पाणी किंचित आम्लधर्मी असल्यानं तो पिवळाच राहतो आणि उन्हात फिका पडतो. सध्या गूळ, लिंबूवर्गीय साली आणि पाणी एक-तीन-दहा या प्रमाणात तीन महिने आंबवून बायोएन्झाइम करतात. त्यातलं आम्ल उपयोगी असतं, पण धुण्यासाठी त्यात रिठा मिसळतात, आणि कपड्याचा मळ सुटतो तो मुख्यतः त्या रिठ्यानं.

खाडीकाठच्या घरांनी एक काळजी घ्यावी. सॅपोनिन माशांना विषारी आहे, त्यांच्या कल्ल्यांवर त्याचा परिणाम होतो. आदिवासी भागांत डोहातले मासे गुंगवायला अशाच फळा-सालींचा वापर होत आला आहे. उरलेलं पाणी तळ्यात किंवा कोळंबीच्या खाचरात सोडू नये. मातीत ओतावं, जंतू ते लवकर मोडून टाकतात.