फटका कशासाठी बसला?

पिल्लाने घरात घाण केली, की त्याला मानगुटीला धरून त्या जागी न्यायचे, नाक घाणीत घासायचे आणि वर एक रट्टा द्यायचा. कुत्रा पाळणाऱ्या अनेक घरांतून चालत आलेली ही पद्धत. ती का फसते, हे शास्त्रज्ञांना टप्प्याटप्प्याने कळत गेले. तो इतिहास शिक्षकांनीही पाहण्याजोगा आहे.

पावलॉव्हचे कुत्रे आपल्या ओळखीचे असतात. एडवर्ड थॉर्नडाइकचे कुत्रे आणि मांजरे मात्र फारशी माहीत नसतात. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1898 साली आपल्या प्रबंधात खटका असलेल्या पेट्यांचे प्रयोग मांडले. पेटीत कोंडलेला प्राणी धडपडता धडपडता योगायोगाने खटका उघडी आणि बाहेरचे खाणे मिळवी. पुढच्या खेपांना सुटकेचा वेळ हळूहळू कमी होत जाई. ज्या कृतीमागोमाग सुख मिळते ती पक्की होते, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे 1951 साली बी. एफ. स्किनरने प्राण्यांना शिकवण्यावर एक लेख लिहिला. त्यात बक्षीस कृतीनंतर ताबडतोब मिळाले पाहिजे यावर त्याचा भर होता.

मग शिक्षेचे काय? ती उशिरा दिली तर चालते का? 1968 साली रिचर्ड सॉलोमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे तपासले. आवडते मांस खाऊ पाहणाऱ्या पिल्लांना त्यांनी वर्तमानपत्राच्या सुरळीने फटका दिला. काहींना तोंड लावताक्षणी, काहींना खाणे सुरू झाल्यावर 5 सेकंदांनी, तर काहींना 15 सेकंदांनी. नंतर माणूस जवळ नसताना काय घडते ते पाहिले. लगेच फटका बसलेली पिल्ले सुमारे दोन आठवडे मांसापासून दूर राहिली. 15 सेकंदांनी फटका खाल्लेल्यांचा संयम काही मिनिटांतच सुटला. फरक अवघ्या 15 सेकंदांचा! आपण तर संध्याकाळी घरी येऊन सकाळच्या घाणीची शिक्षा देतो.

यावर कुत्रेवाले म्हणतात, "अहो, त्याला सगळं कळतं. चेहरा बघा, कसा अपराधी झालाय!" न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली 14 कुत्र्यांवर नेमके हेच तपासले. खाऊ खायचा नाही असे बजावून मालक खोलीबाहेर जाई. परतल्यावर त्याला कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही ते सांगितले जाई, पण कधी खरे, कधी खोटे. अपराधी चेहऱ्याचा संबंध खाऊ खाण्याशी नव्हे, तर मालकाच्या रागावण्याशी आढळला. उलट, काही न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांत तो अधिक ठळक होता. ज्याला आपण पश्चात्ताप समजतो, ती रागावलेल्या माणसाला दिलेली प्रतिक्रिया असते.

खरे तर पिल्लाजवळ स्वच्छतेची शिदोरी उपजतच असते. पहिले काही आठवडे आई त्याला चाटून मलमूत्र विसर्जन करवते आणि जागाही स्वच्छ ठेवते. चालता येऊ लागले की पिल्लू त्यासाठी झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊ लागते. आपल्याला फक्त जागा ठरवून द्यायची असते. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर त्याला बाहेर न्यावे. तिथे काम उरकताच, त्याच क्षणी शाबासकी किंवा खाऊ द्यावा. घरात घाण झालीच, तर मुकाट्याने पुसून टाकावी.

मूल म्हणजे पिल्लू नव्हे. त्याला भाषा येते, कालची गोष्ट आठवते, कारण समजावून सांगता येते. तरीही मान खाली घातलेला चेहरा पाहून "याला चूक कळली" असा निष्कर्ष आपण वर्गात सहज काढतो. त्या चेहऱ्यावर चुकीची जाणीव आहे की आपली भीती, हे विचारून पाहिल्याशिवाय कळणार नाही. विचारायचे, तर आधी आपला आवाज खाली आणावा लागतो.