मालाड ते अंधेरी : उपनगरात घडलेल्या चित्रपटांची एक खाजगी यादी

पश्चिम उपनगरातील एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. साहित्य आणि चित्रपट यांच्या नात्यावर बोलणे चालू असताना मागील बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, जुने सिनेमे बघायचे तर कुठून सुरुवात करू?" मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच त्याच्या शेजारचा म्हणाला, "जुनं ते सगळं टाउनमध्ये. आपल्या इकडे नुसत्या बिल्डिंगा." वर्ग हसला. मीही हसलो, परंतु घरी परतताना गाडीत ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिले. उपनगराला रेल्वेचे वेळापत्रक असते, इतिहास नसतो, ही समजूत त्या मुलाची एकट्याची नाही. उपनगरात वाढलेल्या माझ्या पिढीनेही ती निमूटपणे स्वीकारली होती.

म्हणून त्या मुलाला जी यादी दिली, तिला मी एक अट घातली. यादीतील चित्रपट एक तर उपनगरातल्या स्टुडिओत घडलेले असावेत, नाही तर आपल्यासारख्या, गाडीला लोंबकळून कामावर जाणाऱ्या माणसांविषयीचे असावेत. 'सर्वोत्कृष्ट दहा' छापाची ही यादी नव्हे. आवडीनिवडी माझ्या आहेत आणि त्यांत वाद घालण्यास भरपूर जागा आहे.

आधी मालाडच का, हे समजून घेऊ. कुलाबा ते बोरिवली ही विजेची गाडी 1928 च्या जानेवारीत सुरू झाली. आज बृहन्मुंबईचा अविभाज्य भाग वाटणारी मालाड, कांदिवली, बोरिवली ही गावे महापालिकेच्या हद्दीत आली ती मात्र 1957 साली. अंधेरी-जोगेश्वरीपर्यंतचा पट्टा त्याआधी 1950 मध्ये आला होता. म्हणजे तिसाव्या-चाळिसाव्या दशकांत मालाड हे शहराबाहेरचे, मोकळ्या जागेचे, तरीही शहराशी विजेच्या गाडीने जोडलेले असे ठिकाण होते. ध्वनिमुद्रणाला शांतता लागते, नेपथ्याला जागा लागते आणि नटनट्यांना वेळेवर पोचावे लागते. बोलपटाच्या या तिन्ही गरजा भागतील अशा ठिकाणी हिमांशु राय आणि देविकाराणी यांनी 1934 साली 'बॉम्बे टॉकीज' उभी केली. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, छायाचित्रकार योझेफ विर्शिंग अशी जर्मन मंडळी तेथे कामाला होती. भातखाचरांच्या शेजारी जर्मन शिस्तीची चित्रशाळा, हे दृश्य आजच्या मालाड स्थानकाबाहेरच्या गर्दीत उभे राहून डोळ्यांपुढे आणणे कठीण आहे.

यादीतला पहिला चित्रपट याच चित्रशाळेतला, 'अछूत कन्या' (1936). रेल्वे फाटकावरच्या रखवालदाराची अस्पृश्य मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप यांची ही शोकांतिका. देविकाराणी आणि अशोककुमार यांच्या भूमिका आहेत, संगीत सरस्वतीदेवी या पारशी संगीतकार बाईंचे आहे. देविकाराणीच्या कोरलेल्या भुवया पाहून आजचा विद्यार्थी हसतो, तर हसू द्यावे. नंतर मात्र त्याला एक गोष्ट सांगावी. 1935 च्या ऑक्टोबरात डॉ. आंबेडकरांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली होती. 1936 च्या मे महिन्याच्या अखेरीस दादरच्या नायगावात महार परिषद भरली आणि 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण झाले. 'जातिसंस्थेचे निर्मूलन' हा न झालेल्या भाषणाचा निबंधही त्याच वर्षी छापला गेला. म्हणजे मालाडची चित्रशाळा अस्पृश्य कन्येसाठी प्रेक्षकाकडे करुणा मागत होती, त्याच वर्षी, त्याच रेल्वेमार्गावर काही स्थानके अलीकडे, ज्यांच्यासाठी करुणा मागितली जात होती ती माणसे करुणा नाकारून हक्कांची भाषा बोलत होती. चित्रपट कस्तुरीला अखेर रेल्वेखाली मारतो आणि तिला देवत्व देतो. परिषदेतल्या माणसांना जगायचे होते. 'अछूत कन्या' आवर्जून पाहावा, तो या अंतरासाठी. प्रभातचा 'धर्मात्मा' (1935) त्याच्या जोडीने पाहिला, तर सुधारकी सहानुभूतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

दुसरा चित्रपट 'किस्मत' (1943). दरम्यान बरेच काही घडून गेले होते. 1939 मध्ये युद्ध सुरू झाले आणि ब्रिटिश सरकारने जर्मन तंत्रज्ञांना स्थानबद्ध केले. 1940 मध्ये हिमांशु राय वारले. अशा पडत्या काळात ग्यान मुखर्जींनी हा चित्रपट केला. त्याचा नायक खिसेकापू आहे आणि त्याला त्याची फारशी लाजही वाटत नाही. लहानपणी घरातून दुरावलेला मुलगा शेवटी आईबापांना सापडतो, हा पुढे हिंदी चित्रपटाने झिजवून झिजवून गुळगुळीत केलेला साचा येथे ताजा आहे. कवी प्रदीप यांच्या एका गीतात परक्यांना देश सोडून जाण्यास बजावले आहे. शत्रू म्हणून नावे जर्मनी-जपानची घेतल्याने ते सरकारी कात्रीतून सुटले. प्रेक्षकांना मात्र हवा तो अर्थ बरोबर समजला. 'छोडो भारत' नंतरच्या वर्षातली ही चतुराई साहित्याच्या विद्यार्थ्याने अभ्यासावी अशी आहे. व्यंग्यार्थ म्हणजे काय, हे शिकवताना मी अलीकडे काव्यशास्त्राच्या जोडीला हेच उदाहरण देतो. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात 'किस्मत' तीन वर्षांहून अधिक काळ चालला.

त्याच 1943 साली बॉम्बे टॉकीज फुटली. शशधर मुखर्जी, अशोककुमार आदी मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी गाडीच्या एका थांब्याइतक्या अंतरावर, गोरेगावात 'फिल्मिस्तान' काढली. तेथला माझ्या यादीतला चित्रपट 'अनारकली' (1953). त्याचे संगीत सी. रामचंद्र यांचे, म्हणजे आपल्या रामचंद्र चितळकरांचे. 'शहनाई' (1947) मध्ये पाश्चात्त्य ठेक्यावर गाणी बांधणारा हा माणूस 'अनारकली'त किती हळुवार होतो, ते ऐकण्यासारखे आहे. मात्र हा चित्रपट एकटा पाहू नये. सात वर्षांनी आलेला 'मुघल-ए-आझम' (1960) त्याच्या पाठोपाठ पाहावा. दंतकथा तीच, उपनगरही जवळचेच. के. आसिफ यांचा शीशमहाल अंधेरीच्या मोहन स्टुडिओत उभा राहिला होता. पहिल्या चित्रपटात प्रेमकथा गाण्यांच्या आधाराने पुढे सरकते. दुसऱ्यात बाप आणि मुलगा, राज्य आणि व्यक्ती यांचा झगडा होतो आणि प्रेम हे त्या झगड्याचे निमित्त ठरते. दुर्गाबाई खोटे यांची जोधाबाई या दोघांच्या मध्ये उभी आहे. ती फारसे काही करू शकत नाही, आणि हे न करू शकणे दुर्गाबाईंनी ज्या संयमाने दाखवले आहे, तो अभिनयाचा वस्तुपाठ आहे. हा चित्रपट 2004 मध्ये रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला. माझी शिफारस मूळ प्रतीची आहे. कृष्णधवल दरबारातून एकदम रंगीत शीशमहालात जाण्याचा धक्का सगळाच चित्रपट रंगवल्यावर उरत नाही.

भयकथा आवडणाऱ्यांसाठी पुन्हा मालाडला जावे लागेल. 'महल' (1949) हे बॉम्बे टॉकीजच्या उतरत्या काळातले लेणे आहे. कमाल अमरोहींचे हे पहिले दिग्दर्शन. कॅमेऱ्यामागे तेच विर्शिंग, जे युद्धकाळात स्थानबद्ध होते आणि नंतर या देशातच राहिले. झोपाळा, पडदे, झुंबरे आणि लांबून येणारा एक आवाज एवढ्या साहित्यावर चित्रपट उभा आहे. तो आवाज लता मंगेशकरांचा होता. ध्वनिमुद्रिकेवर प्रथम गायिकेऐवजी 'कामिनी' या पात्राचे नाव छापले गेले होते, ही गोष्ट आजच्या मुलांना खरी वाटत नाही.

संगीताची गोडी असणाऱ्याला मी 'बैजू बावरा' (1952) सांगतो. विजय भट्ट यांच्या प्रकाश पिक्चर्सचा हा चित्रपट. प्रकाशचा स्टुडिओही अंधेरीलाच होता. त्यांच्याच 'रामराज्य' (1943) मधली शोभना समर्थांची सीता त्या पिढीच्या मनावर कोरली गेली होती, आणि तो गांधीजींनी 1944 साली जुहूला पाहिला होता. 'बैजू बावरा'मध्ये नौशाद यांनी बैजूसाठी पं. द. वि. पलुस्करांचा आणि तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ यांचा आवाज घेतला. जुगलबंदीत बैजू जिंकतो, कारण कथेला ते हवे आहे. ऐकणाऱ्याला मात्र हारजीत आठवत नाही, दोन घराण्यांच्या दोन वाटा आठवतात. पलुस्कर 1955 मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले. शास्त्रीय संगीताच्या बैठकीला कधीही न गेलेल्या असंख्य माणसांपर्यंत त्यांचा आवाज अंधेरीच्या या चित्रपटाने पोचवला.

येथपर्यंत आल्यावर एका विद्यार्थिनीने रास्त प्रश्न केला : "यात मराठी कुठे आहे?" खरे आहे. मराठी बोलपटाचे घर कोल्हापूर आणि पुणे. मालाड-गोरेगावच्या चित्रशाळांची भाषा हिंदुस्थानी होती, मालक-चालकांत बंगाली, पंजाबी, गुजराती अधिक. पण त्या चित्रशाळांचा आतला इतिहास लिहिला गेला त्यात मराठीचा वाटा मोठा आहे, आणि तो बायकांनी लिहिला आहे. 'कंगन' (1939) पासून बॉम्बे टॉकीजची नायिका झालेल्या लीला चिटणीस यांचे 'चंदेरी दुनियेत', त्याच संस्थेच्या 'पुनर्मीलन' (1940) मध्ये काम केलेल्या स्नेहप्रभा प्रधान यांचे 'स्नेहांकिता' आणि दुर्गाबाईंचे 'मी दुर्गा खोटे' ही तीन आत्मचरित्रे माझ्या दृष्टीने या यादीचाच भाग आहेत. पडद्यावरच्या बाईची प्रतिमा पुरुषांनी घडवली. पडद्यामागे त्या बाईला काय सोसावे लागले आणि तिने काय कमावले, हे तिने स्वतः मराठीत सांगितले. आपल्या अभ्यासक्रमांत ही पुस्तके 'स्त्रियांची आत्मचरित्रे' या कप्प्यात बंद असतात. त्यांतून उपनगराचा, येथल्या उद्योगाचा इतिहासही वाचता येतो, हे मलाच उशिरा उमगले.

आता स्टुडिओतून बाहेर, रस्त्यावर येऊ. भीमसैन यांचा 'घरौंदा' (1977) आजही मुंबईकराने पाहावा असा आहे. लग्न करायचे तर घर हवे, घरासाठी पैसे साठवायचे, ते बिल्डरकडे भरायचे आणि एके दिवशी बिल्डरच पसार व्हायचा. यानंतर नायक आपल्या प्रेयसीला जे सुचवतो ते ऐकून वर्गात शांतता पसरते. श्रीमंत, आजारी मालकाशी तिने लग्न करावे, म्हणजे पुढे सगळे आपलेच. अमोल पालेकरांच्या सोज्वळ चेहऱ्यामुळे तो प्रस्ताव अधिकच भयंकर वाटतो. डॉ. श्रीराम लागूंनी हा मालक खलनायक होऊ दिलेला नाही, हे चित्रपटाचे मोठेपण. घर नसले की माणूस किती खाली उतरू शकतो, याचा असा हिशेब क्वचितच कोणी मांडला असेल.

निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' (2005) हा या यादीतला सर्वांत रागीट चित्रपट. माधव आपटे हा नियमाने वागणारा नोकरदार रोजच्या गाडीचा, रांगांचा, लाचेचा ताण सोसता सोसता फुटतो. त्याचा राग मला समजतो, त्याचा मार्ग पटत नाही. चित्रपट मात्र या दोहोंत पुरेसे अंतर ठेवत नाही असे मला वाटते. म्हणून त्यानंतर चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (2014) पाहावा. येथे कोणी फुटत नाही. एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा खटला चालू राहतो आणि तारखा पडत राहतात. गीतांजली कुलकर्णी यांनी केलेली सरकारी वकील लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, सुटीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जाते आणि परप्रांतीयांवरच्या विनोदांना तेथे टाळ्या पडतात. ती दुष्ट नाही. ती आपल्या शेजारच्या फ्लॅटमधली आहे. 1936 मध्ये मालाडच्या चित्रशाळेने मराठी-अमराठी मध्यमवर्गाला कस्तुरीसाठी रडवले. 'कोर्ट' त्याच वर्गाला आरसा दाखवतो आणि रडण्याची सोयही ठेवत नाही.

शेवटचा चित्रपट पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' (2024). कान महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळाले, याची बातमी सर्वांनी वाचली. मला त्यातली छाया कदम यांनी साकारलेली पार्वती महत्त्वाची वाटते. रुग्णालयात स्वयंपाक करणारी ही रत्नागिरीकडची बाई वर्षानुवर्षे राहत्या घराचा एक कागद दाखवू शकत नाही, म्हणून तिला घर सोडावे लागते. 'घरौंदा'तल्या जोडप्याला घर मिळाले नव्हते. हिचे होते ते गेले. मुंबईची सत्तेचाळीस वर्षे या दोन चित्रपटांच्या मध्ये मावतात.

आणि कागद नसणे ही केवळ पार्वतीची गोष्ट नव्हे. बॉम्बे टॉकीज पन्नाशीच्या दशकातच बंद पडली. मालाडच्या तिच्या आवारात आज लहानलहान कारखाने आहेत आणि 'बॉम्बे टॉकीज कंपाउंड' हा केवळ पत्ता उरला आहे. मोहन स्टुडिओ गेला. चेंबूरचा आर. के. स्टुडिओ 2017 च्या आगीनंतर विकला गेला. 2025 मध्ये फिल्मिस्तानची जागाही विकासकाकडे गेली. जागा आज ना उद्या विकल्या जाणारच. त्यांची देखभाल कोणाला परवडत नव्हती, हेही समजण्याजोगे आहे. पण जागा जाताना तिची आठवणही गेली, तर मागील बाकावरचा तो मुलगा म्हणतो तेच खरे ठरेल. 1931 च्या 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ज्याची प्रत नाही, त्याची निदान नोंद तरी असावी.

त्या मुलाने यादी घेतली आणि दोन आठवड्यांनी 'महल' पाहून आला. चित्रपट त्याला संथ वाटला, ते त्याने स्पष्ट सांगितलेही. मग म्हणाला, "सर, त्या कंपाउंडमध्ये माझ्या मामाचा गाळा आहे. मी लहानपणापासून जातो तिथे. कोणी सांगितलंच नाही."

आपण सांगितले नव्हते, ही चूक आपली.