'पानी', 'पाणी' आणि भाषाविज्ञानाचा वर्ग

बारावीचा निकाल लागला की आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दरवर्षी एकच चर्चा असते. पुढे काय? कुणी बी.कॉम. म्हणतो, कुणी पोलीस भरती, कुणी स्पर्धा परीक्षा. मागच्या वर्षी एका मुलीने विचारले, "दादा, भाषाविज्ञान घेतलं तर?" बाकीची मुले हसली. "त्याला स्कोप काय?" एकाने लगेच विचारले.

ही मुलगी मूळची विदर्भातली. कॉलेजच्या वर्गात मोठ्याने वाचताना तिने 'पाणी'च्या जागी 'पानी' म्हटले. वर्ग हसला, आणि शिकवणाऱ्यांनी "आधी भाषा शुद्ध करा" असा सल्ला दिला. त्या दिवसापासून तिने वर्गात तोंड उघडणे बंद केले. आमच्यापैकी कितीजणांनी हे भोगले आहे, ते वेगळे सांगायला नको. म्हणून तिला 'घे' किंवा 'नको घेऊ' असे एका शब्दात उत्तर देऊन भागणार नव्हते. भाषा शुद्ध असते म्हणजे काय, ती शुद्धता कुणी ठरवली आणि भाषा शिकण्याचा अधिकार कुणाला होता, हा इतिहास आधी मांडावा लागतो. तो इतिहास जातीचा आहे.

गाय एक, शब्द पाच

पाणिनीने भाषेचे नियम सुमारे चार हजार सूत्रांत बांधले. हे काम मोठे आहे. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ ते मानतात आणि ते नाकारायचे आम्हाला कारण नाही. पण या व्याकरणावर पतंजलीने जे महाभाष्य लिहिले, त्याच्या सुरुवातीलाच व्याकरण कशासाठी शिकायचे याची कारणे दिली आहेत. आपण म्लेच्छ होऊ नये, हे त्यातले एक कारण. तिथेच तो गाईचे उदाहरण देतो. 'गो' हा शुद्ध शब्द. गावी, गोणी, गोता, गोपोतलिका हे त्याचे अपभ्रंश.

आता पाली शब्दकोश उघडा. गाईला पालीत 'गावी' म्हणतात आणि बैलाला 'गोण'. म्हणजे पतंजली ज्यांना बिघडलेले शब्द म्हणतो, ते लोकांच्या तोंडचे रोजचे शब्द होते. भिक्खू त्याच बोलींत धम्म सांगत होते.

महत्त्वाची गोष्ट याच्या पुढे आहे. शुद्ध शब्दाने जो अर्थ कळतो तोच अपशब्दानेही कळतो, हे पतंजली स्वतः मान्य करतो. मग फरक कशात? तर धर्मात. शुद्ध शब्द वापरला तर पुण्य लागते. म्हणजे शुद्ध-अशुद्धाचा हा भेद भाषेच्या कामकाजातून निघालेला नाही. तो बाहेरून, धर्मनियम म्हणून भाषेवर लादला आहे, आणि तसे त्यांच्याच ग्रंथात मान्य केलेले आहे. पाणवठ्यावरची शिवाशिव आणि जिभेवरची शिवाशिव यांचा उगम एकाच ठिकाणी आहे.

तथागतांचे उत्तर

हाच प्रश्न भगवान बुद्धांसमोरही आला होता. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन सख्खे भाऊ भिक्खू झाले होते. त्यांनी तक्रार केली की वेगवेगळ्या गोत्रांचे, जातींचे आणि कुळांचे भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन सांगून ते बिघडवत आहेत, तेव्हा ते छंदस् मध्ये बसवू द्या. तक्रार भाषेची होती, पण तिच्यात जात आणि कूळ कसे आले ते पाहा. बुद्धांनी त्यांना खडसावले, तसे करण्यास मनाई केली आणि धम्म 'आपल्या' निरुत्तीत शिकावा अशी अनुज्ञा दिली. 'आपल्या' म्हणजे शिकणाऱ्याच्या की स्वतः बुद्धांच्या, यावर विद्वानांत वाद आहे. बुद्धघोषाने दुसरा अर्थ घेतला. पण वैदिक भाषेच्या साच्याला नकार होता, यावर वाद नाही.

मज्झिम निकायातल्या अरणविभंग सुत्तात तर बोलीविज्ञानाचा धडाच आहे. एकाच भांड्याला एका जनपदात पाति म्हणतात, दुसरीकडे पत्त, तिसरीकडे सराव. माझाच शब्द खरा आणि बाकीचे खोटे, असा हट्ट धरू नये. आजचे भाषाविज्ञान पहिल्या वर्षी हेच शिकवते.

दक्षिणा आणि विश्रामबाग वाडा

आता पुण्यात येऊ. पेशवाईत श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई बुडाली, पण इंग्रजांनी तो पैसा ब्राह्मणांच्या हातून पूर्णपणे काढून घेतला नाही. त्यातूनच 1821 मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली आणि सुरुवातीला तिचे दार फक्त ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होते. रयतेने भरलेला सारा, त्यातून दक्षिणा, त्यातून पाठशाळा, आणि रयतेची मुले मात्र बाहेर. याच संस्थेचे पुढे डेक्कन कॉलेज झाले. महाराष्ट्रात भाषाविज्ञानाचे सर्वांत मोठे केंद्र आज तेच आहे.

याच कॉलेजचे एक पदवीधर विष्णुशास्त्री चिपळूणकर. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' आले. पुढच्या वर्षी सुरू झालेल्या 'निबंधमाले'तून चिपळूणकरांनी जोतीरावांवर टीका केली, ती त्यांच्या विचारांवर तर होतीच, पण त्यांच्या व्याकरणावरही होती. मुद्द्याला उत्तर देण्याआधी माणसाची भाषा काढायची, ही रीत तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे. जोतीराव थांबले नाहीत. शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत ते लिहीत राहिले. कुणाचे मराठी कुणापर्यंत पोहोचले, याचा निकाल इतिहासाने दिला आहे.

संस्कृत नाकारले, म्हणून फारसी

बाबासाहेबांचा प्रसंग आपल्याला माहीत आहे, पण तो विषय निवडण्याचा प्रसंग होता, हे आपण विसरतो. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्यांना संस्कृत शिकवणार नाही, असे शिक्षकाने सांगितले. थोरल्या भावाला, आनंदरावांना, आधी तेच उत्तर मिळाले होते. दोघांना फारसी घ्यावी लागली. 1912 मध्ये भीमराव मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले, तेव्हाही विषयांत फारसी होती. आज आपण प्रवेशअर्जावर विषयासमोर खूण करतो. ती खूण करण्याचा हक्क त्या मुलाला नव्हता.

पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या प्रयत्नाने शिकले. 1946 मध्ये 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ आला. संस्कृतवर आपले प्रभुत्व नाही हे त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने मान्य केले आणि तेवढ्यावरून आपण अपात्र ठरत नाही, असेही बजावले. मग त्यांनी काय केले? ऋग्वेदात ऱ्हस्व 'अ'चा 'अर्य' 88 ठिकाणी आणि दीर्घ 'आ'चा 'आर्य' 31 ठिकाणी आहे, ही मोजणी मांडली. प्रत्येक वापराचा अर्थ तपासला आणि एकाही ठिकाणी तो वंश या अर्थाने आलेला नाही, असा निष्कर्ष काढला.

'अनास' या एका शब्दाचेही तसेच. मॅक्स म्युलरने तो अ-नास असा फोडला, म्हणजे नाक नसलेले, आणि त्यावरून दस्यूंचा वेगळा, चपट्या नाकाचा वंश उभा राहिला. सायणाचार्याने तो अन्-आस असा फोडला होता, म्हणजे तोंड नसलेले, धड बोलता न येणारे. बाबासाहेबांनी सायणाचा अर्थ योग्य मानला. शब्द कुठे तोडायचा, एवढ्या प्रश्नावर एका वंशसिद्धांताचा पाया डळमळतो. भाषेची शिस्त हातात असली की काय करता येते, ते यावरून कळते.

आयुष्याच्या अखेरच्या काळात ते पालीकडे वळले. त्यांनी तयार केलेला पाली शब्दकोश आणि पाली व्याकरण महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात छापले आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पहिला खंड असतो, सोळावा क्वचित. संविधान लिहिणारा माणूस एकेका शब्दाचे अर्थ लावत बसला होता, कारण धम्माची भाषा आपल्या लोकांच्या हाती दुसऱ्याच्या मध्यस्थीशिवाय यावी, ही त्यामागची तळमळ होती, असे आम्ही मानतो.

वर्गात नेमके काय शिकवतात?

भाषाविज्ञान म्हणजे दहा भाषा बोलता येणे नव्हे, आणि शुद्धलेखन तर नव्हेच. ध्वनी तोंडात कसा तयार होतो, शब्द कसे घडतात, वाक्य कसे बांधले जाते, अर्थ कसा लागतो आणि समाजाप्रमाणे भाषा कशी बदलते, याचा हा अभ्यास आहे. लोक कसे बोलतात ते आधी नीट नोंदवा, कसे बोलावे हे सांगू नका, ही त्याची पहिली अट.

या पद्धतीने आपल्या मुलीचे 'पानी' तपासू. संस्कृतात शब्द आहे 'पानीय'. पालीतही 'पानीय'. प्राकृतात त्याचे 'पाणिअ' झाले आणि मराठीत 'पाणी'. म्हणजे प्रमाण मराठीतला ज्याचा आग्रह धरला जातो तो 'ण' हाच मुळात बदल आहे. वऱ्हाडी-नागपुरी बोलणारा 'ण'च्या जागी 'न' म्हणतो, तेही नियमाने: पानी, लोनी, कोन. चूक असती तर कधी झाली असती, कधी नाही. हा नियम आहे. 'मले, तुले, त्याले' हाही 'मला, तुला, त्याला' इतकाच पक्का नियम आहे. आपली बोली संस्कृतच्या जवळची म्हणून श्रेष्ठ, असे आम्हाला म्हणायचे नाही. ती मोजपट्टीच खोटी आहे. प्रमाणभाषा ही पुणे-मुंबईच्या सत्ताधारी वर्गाची बोली. तिला पाठ्यपुस्तक आणि छापखाना मिळाला, म्हणून ती 'भाषा' झाली.

या शास्त्राने जातही मोजली आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात 179 भाषा आणि 544 बोली नोंदल्या आहेत. त्याच्या मराठीच्या खंडात कुणबी, आगरी, धनगरी, महारी अशी जातींच्या नावांची बोलीनामे सापडतात. 1958 मध्ये जॉन गम्पर्झने उत्तर प्रदेशातल्या खलापूर गावचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्पृश्य जातींचे बोलणे बरेचसे सारखे होते, अस्पृश्य जातींचे वेगळे. ही माणसे तर रोज सवर्णांच्या शेतात आणि दारात राबत होती. मग त्यांचे बोलणे एक का झाले नाही? गम्पर्झचे उत्तर असे की कामापुरत्या संपर्काने बोली एक होत नाही. त्यासाठी मैत्री लागते, मुलांनी एकत्र खेळावे लागते, बरोबरीने बसावे लागते. बाबासाहेब ज्या बंधुतेबद्दल बोलत राहिले, तिचा अभाव इथे उच्चारांत नोंदला गेला होता.

अमेरिकेत विल्यम लबॉव्हने काळ्या मुलांच्या इंग्रजीबद्दल हेच दाखवले. ती मोडकी नाही, तिला तिचे नियम आहेत. 1979 मध्ये ॲन आर्बरच्या खटल्यात त्याने साक्ष दिली, आणि मुलांच्या घरच्या भाषेची दखल शाळेने घेतली पाहिजे, असा निकाल लागला. ज्ञान असे कोर्टात उभे राहते. आपल्याकडे अशी साक्ष द्यायला कोण आहे?

मग घ्यायचे की नाही?

अडचणी आम्ही लपवत नाही. महाराष्ट्रात बी.ए. ला हा विषय बहुतेक ठिकाणी मराठीच्या अभ्यासक्रमातली एखादी पत्रिका म्हणूनच भेटतो, आणि तीही अनेकदा गाइडवर उरकली जाते. पूर्ण अभ्यास डेक्कन कॉलेजात, पण एम.ए. ला. बनारस आणि अलीगढच्या विद्यापीठांत बी.ए. लाच तो घेता येतो, पण तिथवर जायचे तर पैसा, वसतिगृह, शिष्यवृत्ती हे प्रश्न आहेत. पालीचे पाहा. 2013 मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने पाली वैकल्पिक विषयांतून काढली, आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात दर्जा दिला. दर्जा कागदावर मिळाला, पण वर्गात मुले कोण बसवणार?

आमच्या चळवळीने साहित्य घडवले. 'दलितांची भाषा' छापखान्यात नेली, प्रस्थापितांना ती वाचायला लावली. पण त्या भाषेचे व्याकरण लिहायचे काम अजून बहुतांशी दुसरेच करतात. आमच्या आज्या माहिती देणाऱ्या, आणि संशोधक बाहेरून येणारे. शब्द आमचे आणि पदवी त्यांची, हा व्यवहार किती दिवस चालू द्यायचा? आज्यांच्या ओव्या, जात्यावरची भीमगीते, वतनदारीच्या काळातले कामाचे शब्द त्यांच्याबरोबर जात आहेत. त्यांची ध्वनिमुद्रणे घेऊन, शास्त्रीय लेखन करून ठेवणारी आपली पोरे हवीत. पाठ्यपुस्तक मंडळात, शब्दकोशाच्या समितीत, मोबाइलवरच्या मराठीचे नियम ठरवणाऱ्या कंपन्यांत बसायलाही तीच हवीत. 'स्कोप' विचारणाऱ्याला आमचे हे उत्तर आहे.

त्या मुलीने शेवटी बी.ए. ला मराठी आणि पाली हे विषय घेतले. भाषाविज्ञानाची पत्रिका पुढे येईल, तोवर तिने अभ्यासिकेतल्या लहान मुलांकडून त्यांच्या घरचे शब्द वहीत उतरवायला सुरुवात केली आहे. पहिल्या पानावर पहिला शब्द आहे, 'पानी'. त्यापुढे तिने 'अशुद्ध' असे लिहिलेले नाही. लिहिले आहे: आई, आजी, मामा असे म्हणतात.

जय भीम!