डच ईस्ट इंडिया कंपनीचा चाकरवर्ग व त्याच्या वेतनाचा हिशेब

१६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहास बहुधा लवंग, जायफळ व मिरी यांच्या अनुरोधाने लिहिला जातो. तिच्या गलबतांतून पूर्वेकडे जे गेले त्यात माणसांची गणना सहसा होत नाही. वस्तुतः सुमारे दोन शतकांत नेदरलँड्सच्या बंदरांतून जवळजवळ १० लाख माणसे आशियाकडे रवाना झाली. पुन्हा गेलेला मनुष्य यात पुन्हा मोजला गेला आहे, हे खरे. तथापि परतीच्या नोंदी निम्म्याहूनही कमी आहेत. न परतलेले सर्वच मृत्यू पावले असे नव्हे, काही तिकडेच स्थायिक झाले. पण बटाव्हियाच्या हवेने, विशेषतः १७३३ नंतरच्या तापाच्या साथींनी, घेतलेला वाटा फार मोठा होता.

अशा चाकरीसाठी कंपनी साध्या शिपायास दरमहा ९ गिल्डर देत असे, आणि हा दर दीर्घकाळ जवळपास तसाच राहिला. मृत्यूचे भय एवढे असता वेतन वाढवावे लागले नाही, याचे कारण भरतीच्या पद्धतीत सापडते. शिपायांत बहुसंख्य परदेशी, मुख्यतः जर्मन संस्थानांतील निर्धन तरुण असत. ॲम्स्टरडॅममध्ये खाणावळवाले त्यांना ठेवून घेत, खाऊ-पिऊ घालत, पेटी व कपडे देत. शिपाई कंपनीच्या नोकरीत शिरला की या उसनवारीपोटी सुमारे १५० गिल्डरचे कर्जखत, ‘ट्रान्सपोर्टब्रीफ’, लिहून दिले जाई.

या खताचा व्यवहार बारकाईने पाहण्याजोगा आहे. १५० गिल्डर म्हणजे शिपायाचे सोळा महिन्यांहून अधिक वेतन. कंपनी ही रक्कम आगाऊ देत नसे. शिपायाने ती प्रत्यक्ष कमावली म्हणजेच खतधारकास पैसे मिळत. तो वाटेतच मेला तर उरलेली रक्कम बुडाली. खाणावळवाल्यास एवढी वाट पाहणे परवडत नसल्याने तो खत मोठ्या कसरीने धनिकांस विकून टाकी, आणि धनिक पुष्कळ खते एकत्र बाळगून जोखीम पसरवीत. शिपायाच्या आयुष्याची शक्यता अशा रीतीने बाजारभावात उतरली. या विक्रेत्यांस लोक ‘झीलफेरकोपर’, म्हणजे आत्मे विकणारे, म्हणत. ‘सील’ म्हणजे खत व ‘झील’ म्हणजे आत्मा यांवरील ही कोटी बोचरी खरी, पण अन्यायाची नव्हे. भरतीचा बराचसा खर्च व धोका परस्पर दुसऱ्यांच्या अंगावर गेला आणि कंपनीचे वेतनपत्रक स्वस्त राहिले.

आशियातील युरोपीय चाकरांची संख्या सतराव्या शतकाच्या अखेरीस ११-१२ हजारांच्या आसपास होती. अठराव्याच्या मध्यास ती २० हजारांच्या घरात गेली. १६३७ मध्ये स्थापन झालेल्या वेंगुर्ल्याच्या वखारीचे चाकर याच व्यवस्थेतले. वरिष्ठांचे अधिकृत वेतन मर्यादित असले तरी खाजगी व्यापार ही त्यांची खरी मिळकत होती, आणि १७४५ मध्ये बटाव्हियात स्थापन झालेल्या अफूच्या मंडळीने तिला उघड रूप दिले. केपच्या गुलामगृहातील, १६७९ मध्ये बांधलेल्या त्या इमारतीतील, मनुष्यबळाचे श्रम वेतनखात्यांत मुळीच येत नाहीत. केवळ वेतनखात्यांवरून कंपनीच्या मनुष्यखर्चाचा अदमास घेणारा अभ्यासक म्हणूनच चुकतो.

अठराव्या शतकातील जहाजांची वेतनखाती हेग येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. प्रत्येक माणसास समोरासमोरची दोन पाने: डावीकडे नावे, उजवीकडे जमा. पत्नी वा आईबापांस वर्षाकाठी पाठविण्याचे तीन महिन्यांचे वेतन, कर्जखत व पेटी यांच्या नोंदी त्यांत येतात. कित्येक खात्यांच्या शेवटी मृत्यूची तारीख लिहिलेली असून शिल्लक वारसांच्या नावे वर्ग केलेली आढळते.