पुराचं पाणी आणि पिवळं पान

मागच्या व्याख्यानात आपण अनुमानाचा विचार केला. आज तोच विचार कुंडीतल्या झाडापर्यंत नेऊ. पान पिवळं पडलं की घरातला एक जण म्हणतो, पाणी कमी पडलं. दुसरा म्हणतो, जास्त झालं. दोघंही एकाच पानाकडे बघत असतात. खूण एक, कारणं दोन. ही अडचण फार जुनी आहे.

सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदावर एक अध्याय लिहिला. थंडी, वारा, ऊन यांनी झाडाला रोग होतो. पानं फिकट पडतात, पालवी वाढत नाही, फांद्या वाळतात, रस गळतो, असं तो सांगतो. पुढे सुरपालाने माणसाच्या वैद्यकातली वात-पित्त-कफाची चौकट झाडांना लावली. लक्षणं टिपण्यात ही मंडळी कुठेच कमी नव्हती. प्रश्न होता तो लक्षणावरून कारणाकडे जाण्याचा.

तो प्रश्न नैयायिकांनी फार नेमका मांडला होता. नदीला पूर आला, म्हणजे वर पाऊस पडला, हे अनुमान. त्यावर न्यायसूत्रांतच आक्षेप येतो: खाली कुणी बांध घातला तरीही पाणी चढतं, मग तुमचं अनुमान टिकतं कसं? उत्तर असं, की नुसतं चढलेलं पाणी ही खूण नव्हेच. वेगाचा प्रवाह, फेस, वाहत आलेली पानं नि लाकडं, हे सगळं मिळून पावसाची खूण होते. हे उत्तर आपण जपून ठेवू, शेवटी लागणार आहे.

आता १८४५ च्या आयर्लंडमध्ये जाऊ. तिथल्या गरिबाचं पोट बटाट्यावर होतं. त्या वर्षी पानांवर काळपट डाग पडले, शेतंच्या शेतं कुजली. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं मेली. त्याला राज्यकर्त्यांचं धोरणही जबाबदार होतं, पण तो वेगळा विषय. आपला प्रश्न असा, की पानावर डाग कशाने पडला?

वनस्पतिशास्त्राचे नामवंत प्राध्यापक जॉन लिंडली म्हणाले, हवा थंड आणि ओली होती, झाडांत पाणी साचलं, ती कुजली. बुरशी नंतर आली. मायल्स बर्कली हे धर्मोपदेशक, पण बुरशींचे मोठे अभ्यासक. १८४६ साली त्यांनी उलट मांडलं: बुरशी आधी, कुजणं नंतर. पानाखालची पांढरी बुरशी दोघांनाही दिसत होती. भांडण होतं ते कारण कुठलं आणि परिणाम कुठला, याचं. आणि हे भांडण पुस्तकी नव्हतं. हवाच दोषी असेल तर शेतकऱ्याच्या हाती काही उरत नाही. बुरशी दोषी असेल तर तिला अडवता येतं.

निकाल लावला जर्मनीच्या आंतोन डी बारी यांनी, १८६१ मध्ये. निरोगी झाडं घेतली, ओलावा सारखाच ठेवला. काहींवर बुरशीचे बीजाणू टाकले, बाकीची तशीच ठेवली. बीजाणू पडले तिथेच रोग आला. तर्कशास्त्र शिकलेल्यांना इथे मिलची व्यतिरेक पद्धती आठवेल: बाकी सगळं सारखं, फरक एकच. मात्र लिंडलींचं म्हणणं अगदीच वाया गेलं नाही. ओल नसेल तर ही बुरशी पसरत नाही. ओल साहाय्यक होती, मूळ कारण नव्हती. बुरशी अडवायला मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण १८८५ च्या सुमारास आलं. कोकणातले सुपारीचे बागायतदार आजही ते वापरतात.

पिवळेपणाची कथा त्याच काळातली. १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये युझेब ग्रिस यांनी फिकट पानांना हिराकशीचं पाणी लावलं, आणि पानं हिरवी झाली. तिथे उणीव लोहाची होती. म्हणजे काही वेळा रोगाचं कारण बाहेरून ‘आलेलं’ नसतं, आत ‘नसलेलं’ असतं. अभावालाही कारण मानायचं का, हा आपल्या दर्शनांतला जुना वाद इथे कुंडीत उतरतो.

आता ते नैयायिकांचं उत्तर काढू. ‘पान पिवळं’ ही खूण नव्हेच. कुठलं पान? खालची जुनी पानं सगळीच पिवळी होत असतील तर नत्राची शंका घ्या. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोहाची. बोअरच्या जड पाण्याने माती अल्कधर्मी झाली की तीत असलेलं लोहही मुळांना मिळत नाही. माती सतत ओली आणि तरी पान मलूल, तर मुळांना हवा मिळत नाहीये. डाग वाढत जातो, भोवती पिवळं कडं दिसतं, शेजारच्या पानावर नवा उमटतो, तर संसर्ग मानून पान काढा आणि पानांवर पाणी मारणं थांबवा. उन्हाचा चटका ऊन पडलं त्याच बाजूला असतो, तो पसरत नाही.

आणि उपाय करताना डी बारींना विसरू नका. खत, औषध, पाणी, जागा सगळं एकाच दिवशी बदललं तर झाड कदाचित वाचेल, पण कशाने वाचलं ते कळणार नाही. मग पुढच्या झाडाच्या वेळी आपण पुन्हा तिथेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि नव्या पानाची वाट बघायची. जुना डाग काही जात नाही. झाड सुधारलं की नाही, हे नवं पानच सांगतं.

पुढच्या वेळी आपण अभावाचाच प्रश्न सविस्तर घेऊ.